एडिटर की आयडीई? आधी तो हिरवा त्रिकोण काय करतो ते बघ

प्रश्न : ताई, मी बीएस्सी ईसीएसच्या (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा यंत्रमागावर कामाला आहेत. दादाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आलाय, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. जावा आणि पायथन शिकतेय. क्लासचे सर म्हणतात, ‘इंटेलिजे टाका, इंडस्ट्रीत तेच चालतं.’ टाकलं तर लॅपटॉप गरम होऊन बंद पडायला लागला. मैत्रिणी व्हीएस कोड वापरतात. हिंजवडीत नोकरी करणारा मावसभाऊ म्हणतो, ‘आयडीई कशाला बे? कुबड्या आहेत त्या. खरे प्रोग्रामर विम वापरतात.’ गेले दोन महिने मी फक्त इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल करतेय. सबमिशन जवळ आलंय. नक्की काय निवडू?
– गोंधळलेली, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर :

गोंधळलेल्या मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून तिसरं आहे. दोन महिने इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल. या दोन महिन्यांत प्रोग्रॅम किती लिहिलेस ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारत नाही.

सबमिशन जवळ आहे म्हणतेस, तर आधी उत्तर देते, कारणं मग वाच. पायथनसाठी थॉनी ही छोटी आयडीई टाक. जावासाठी पुढचे तीन आठवडे नोटपॅड प्लस प्लस आणि कमांड प्रॉम्प्ट, बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी जावासाठी एक्लिप्स ही आयडीई टाक आणि ते चालू असताना ब्राउझर बंद ठेव. इंटेलिजे हीसुद्धा आयडीईच आणि उत्तम आहे, पण लॅपटॉपची रॅम वाढेपर्यंत त्याचं नाव काढू नकोस. विम हा एडिटर पंधरा मिनिटं शिक आणि सोडून दे. झालं.

आता कारणं.

एडिटर म्हणजे अक्षरं लिहायची आणि फाईलमध्ये साठवायची जागा. तू लिहितेस ते जावा आहे, पायथन आहे की शेंगाचटणीची कृती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फार तर काही शब्दांना रंग देईल. आयडीई म्हणजे त्याच एडिटरभोवती उभारलेलं अख्खं वर्कशॉप. कंपायलरला, म्हणजे तू लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारणारं बटण, चूक शोधायला डीबगर, प्रोजेक्टमधल्या कुठल्या फाईलमध्ये काय आहे याचा हिशेब ठेवणारा मुनीम, सगळं एका छपराखाली.

हे काही नवीन फॅड नाही. १९८३ साली बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल आलं, तेव्हाच एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये बसले होते. त्याआधी एडिटरमध्ये लिहा, बाहेर पडा, कंपायलर चालवा, चुका कागदावर टिपा, परत एडिटरमध्ये या, असा फेरा असायचा. टर्बो पास्कल पन्नास डॉलरच्या आत मिळायचं, बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरचे होते. त्याचा कंपायलर लिहिणारे अँडर्स हेल्सबर्ग यांनीच पुढे सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषा घडवल्या, आणि तुझ्या मैत्रिणींचं व्हीएस कोड त्याच टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे.

टर्बो पास्कलचं धाकटं भावंड टर्बो सी. त्याची निळी खिडकी आमच्या पिढीच्या डोळ्यांत अजून आहे. कंट्रोल एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालायचा, आल्ट एफ फाइव्ह दाबलं की आउटपुट दिसायचं. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघी बसायचो आणि जिच्या हाताखाली कीबोर्ड तिचा त्या दिवशी थाट. तीन वर्षं मी त्या निळ्या खिडकीत काढली, मार्कही चांगले पडले. मग पुण्यात पहिली नोकरी लागली. पहिल्या दिवशी समोर युनिक्सचा काळा पडदा. म्हणाले, एक छोटा सी प्रोग्रॅम लिहून दाखव. व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज असलेलं एडिटर, उघडून दिलं. मी टाइप करतेय तर अक्षरं उमटत नाहीत, कर्सर मात्र भलतीकडे उड्या मारतोय. कारण व्हीआय उघडल्यावर लिहायच्या मोडमध्ये नसतं, प्रत्येक अक्षर त्याला हुकूम वाटतो. हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. शेजारच्याने शेवटी आय दाबून दिला. मग मी सवयीने पहिली ओळ लिहिली, कोनियो डॉट एच. कंपायलर म्हणाला, अशी फाईल नाही. मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

मशीन ठणठणीत होतं. कोनियो डॉट एच हा सी भाषेच्या मानकाचा भागच नाही, ती टर्बो सीसारख्या डॉसवरच्या कंपायलरांची सोय. स्क्रीन पुसायची ती आमची लाडकी आज्ञा, तीही त्यातलीच. प्रोग्रॅम चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, कुठली फाईल तयार होते, ती कुठे पडते, याचा मला पत्ता नव्हता. मला कंट्रोल एफ नाइन येत होतं. त्या दिवशी दुपारी डबाही नीट गेला नाही.

म्हणून तुला तीन आठवड्यांची नोटपॅडची सक्ती. आयडीई वाईट आहे म्हणून नव्हे. आयडीईतला प्रोग्रॅम चालवायचा तो हिरवा त्रिकोण दाबल्यावर पडद्यामागे काय होतं, ते एकदा हाताने करून बघावं म्हणून.

पहिला प्रयोग तर विंडोजच्या अगदी साध्या नोटपॅडमध्येच कर. बिल नावाचा छोटा क्लास लिही आणि फाईल बिल डॉट जावा या नावाने सेव्ह कर. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरमध्ये जा आणि जावासी (हाच जावाचा कंपायलर) या आज्ञेपुढे फाईलचं नाव दे. बऱ्याचदा पहिल्याच फटक्यात ‘फाईल सापडत नाही’ म्हणून बोंब होते. फोल्डर उघडलास तर फाईल समोर दिसतेय की! भानगड अशी की नोटपॅडने गुपचूप मागे टीएक्सटी चिकटवलेलं असतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल एक्सटेन्शन दाखवायला सांग, शेपूट कापून टाक. पुन्हा जावासी. आता काहीच बोलणार नाही. कंपायलर गप्प बसला म्हणजे खूश आहे. फोल्डरमध्ये बिल डॉट क्लास नावाची नवी फाईल आलेली दिसेल. ती जावाच्या यंत्रासाठी आहे, तू उघडून वाचायला जाऊ नकोस. मग जावा आणि पुढे नुसतं बिल. डॉट क्लास लिहिलंस तर ‘मेन क्लास सापडत नाही’ म्हणेल, ही चूक सगळे एकदा तरी करतात. तूही मुद्दाम कर.

मग मुद्दाम आणखी मोडतोड कर. पब्लिक क्लासचं नाव बदल, फाईलचं तेच ठेव. वर एक पॅकेजची ओळ घाल आणि फोल्डर मात्र तसाच ठेव. प्रत्येक वेळी कंपायलर किंवा जावा काय ओरडतो ते वहीत लिहून ठेव. ही वही पुढे मुलाखतीच्या आदल्या रात्री चाळशील. २०१८ मधल्या जावा ११ पासून एका फाईलचा प्रोग्रॅम जावासीशिवाय थेट चालवता येतो, पण तू या तीन आठवड्यांत तो शॉर्टकट वापरू नकोस.

एवढं झालं की एक्लिप्स उघड. आता तुला कळेल की त्याने सोर्स एका फोल्डरमध्ये आणि क्लास फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये का ठेवल्या, आणि क्लासपाथ, म्हणजे क्लास फायली कुठे शोधायच्या ती यादी, ही कसली बला आहे. आणि मग आयडीईचा हात सोडू नकोस, कारण जावासाठी ती खरोखर कामाची आहे. दोन गोष्टी जवळून दाखवते, तुझ्या मावसभावालाही वाचून दाखव.

समज, टॉवेलच्या दुकानाचं बिल करणारा प्रोग्रॅम लिहितेस. रक्कम २४०० रुपये, कराचा दर ५ टक्के. तू लिहिलंस, कर बरोबर दर भागिले १०० गुणिले रक्कम. सगळी चलं इंट, म्हणजे पूर्णांक. उत्तर १२० यायला हवं, बिलावर येतं शून्य. मालक खूश, पण सबमिशनला सर नाहीत व्हायचे. एडिटरवाली मुलगी काय करते? जागोजागी प्रिंटच्या ओळी घालते. रक्कम २४००, बरोबर. दर ५, बरोबर. कर ०. मग पंख्याकडे बघत बसते. डीबगरमध्ये त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लाव. प्रोग्रॅम तिथे येऊन उभा राहतो, बाजूला सगळ्या चलांची किंमत दिसते. आता दर भागिले १०० एवढाच तुकडा निवड आणि त्याची किंमत विचार. शून्य. सापडला चोर. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा अपूर्णांक टाकून देतं. आधी गुणाकार केलास तर १२० येतील. पण जरा थांब, रक्कम २४१० करून बघ. १२० रुपये ५० पैसे यायला हवेत, येतील १२०. पन्नास पैसे गेले कुठे? पैशांचा हिशेब पैशांत ठेवायचा किंवा बिगडेसिमल हा अचूक दशांश ठेवणारा प्रकार वापरायचा, हा धडा पुस्तकात एका ओळीत असतो आणि डोक्यात असा शिरतो.

दुसरी गोष्ट नाव बदलण्याची. जावात आणि पायथन तीनमध्ये चलांची नावं देवनागरीत देता येतात, माहीत आहे का तुला? कोणी देत नाही, पण देता येतात. समज, तू एका चलाला दर नाव दिलंस आणि नंतर वाटलं, भाव बरं दिसेल. साध्या एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला चालवलंस की तो डोळे मिटून प्रत्येक ‘दर’चा ‘भाव’ करतो. चादरसंख्या नावाचं चल असेल तर त्याची झाली चाभावसंख्या. पडद्यावर ‘सादर नमस्कार’ छापणारी ओळ झाली ‘साभाव नमस्कार’. आणि हे सोलापुरात! चांगल्या एडिटरात फक्त पूर्ण शब्द बदल असं सांगता येतं, पण तरीही दुसऱ्या क्लासमधलं वेगळं दर त्याला ओळखता येत नाही. आयडीईला येतं. ती मजकूर नव्हे, प्रोग्रॅमची रचना वाचते. हे दर त्या पद्धतीच्या (मेथडच्या) आतलं, ते दर दुसऱ्या क्लासचं, आणि अवतरणचिन्हांतला शब्द तर नुसता मजकूर. फाईल एक असेल तर हा फरक जाणवत नाही. चाळीस फायली झाल्या की याच्याशिवाय हात लावायची भीती वाटते.

कुबड्यांचं म्हणशील तर पप्पांना विचार. धागा तुटलेला कामगाराने डोळ्यांनी बघायचा आणि धावत जाऊन माग थांबवायचा, असे माग अजून आहेत. आणि असेही आहेत, ज्यांच्यावर ताण्याचा धागा तुटला की एक पातळ पत्ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. त्यामुळे कामगार अडाणी होत नाही, एकाच वेळी जास्त माग सांभाळतो. गाठ मात्र त्यालाच मारावी लागते. आयडीईत चुकीखाली उमटणारी लाल वेलांटी ही तशी पत्ती आहे. गाठ मारणं तुझं काम.

आता व्हीएस कोड. मैत्रिणींना ते एडिटर वाटतं, सरांना बहुतेक खेळणं वाटत असेल. ते २०१५ मध्ये आलं तेव्हा एडिटरच होतं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्या साथीने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि एडिटर-आयडीईमधला बांध फुटला. कल्पना अगदी सोपी. दहा एडिटर आणि दहा भाषा असतील तर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा शिकवायला शंभर जोडण्या कराव्या लागायच्या. आता प्रत्येक भाषेसाठी एक वेगळा जाणकार प्रोग्रॅम असतो, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि सगळे एडिटर त्याच्याशी एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलतात. शंभराच्या जागी वीस. गंमत म्हणजे व्हीएस कोडमध्ये जावासाठी सगळे जे रेड हॅटचं एक्सटेन्शन टाकतात, त्याच्या पोटात एक्लिप्सचाच जावा सर्व्हर चालतो. म्हणजे व्हीएस कोडमध्ये जावा लिहिणारी तुझी मैत्रीण आतून एक्लिप्सच वापरते आहे. तिला सांगू नकोस, एक्लिप्स म्हटलं की हल्लीची मुलं नाक मुरडतात. एक्लिप्सच्या जावा भागाचं नेतृत्व ज्या एरिक गॅमांनी केलं, त्यांनीच पुढे व्हीएस कोडचा संघ उभा केला, तेव्हा दोन्ही घरं एकाच गवंड्याची आहेत.

मग तुला व्हीएस कोडच का नाही सांगितलं? कारण ते दिसतं तितकं हलकं नाही. ते इलेक्ट्रॉनवर बांधलंय, म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर बसवलेला आहे. त्यावर जावाचा सर्व्हर वेगळा चालणार. ४ जीबीत विंडोज स्वतःच अर्धी जागा अडवून बसतं. एक्लिप्स थेट चालवलंस तर निदान मधला ब्राउझर वाचतो. नुसतं पायथन किंवा वेबपेजचं काम असेल तर व्हीएस कोड टाक, काही बिघडत नाही. थॉनी मी सांगितली ती मात्र शिकणाऱ्यांसाठीच एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात बनलेली आहे. पायथनसकट येते आणि प्रत्येक पायरीला चलांची किंमत बाजूला मांडून दाखवते. उघडायलाही हलकी आहे.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण तुझं अंगण खरंच वाकडं आहे, ४ जीबीचं. घरात एकदा कधी पैसे निघाले तर नवा लॅपटॉप मागू नकोस. आधी साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घे, मग रॅम ८ जीबी कर. क्रम हाच ठेव, आणि रॅम वाढवता येते का ते दुरुस्तीवाल्याकडून आधी बघून घे, काही मॉडेलांत ती बोर्डालाच चिकटवलेली असते. गरम होतोय म्हणतेस तर पंख्यातली धूळ काढायला सांग. सोलापूरचा उन्हाळा आणि धूळ तुला मी काय सांगू. मोबाइलचे अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ मात्र या मशीनवर चुकूनही टाकू नकोस. तो स्वतःच किमान ८ जीबी मागतो आणि एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, चालवलास तर तेही पुरत नाहीत.

परीक्षेचं एक राहिलं. तुमचे प्रोग्रॅम अजून पेपरवर पेनाने लिहायचे असतात, आणि कंपन्यांच्या चाचणीतही बऱ्याचदा नुसती पांढरी चौकट मिळते, सुचवणारं कोणी नसतं. मी पूर्वी मुलाखती घ्यायचे. प्रोजेक्ट उत्तम सांगणारा एक मुलगा फळ्यावर मेन पद्धतीची ओळ लिहिताना अडकला, कारण दोन अक्षरं टाइप केली की आयडीई ती ओळ पूर्ण करून द्यायची. बिचाऱ्याला घाम फुटला. म्हणून एक्लिप्सवर आल्यावरही आठवड्यातला एक दिवस ओळ पूर्ण करून देणाऱ्या सूचना बंद ठेवून लिही. अख्खी पद्धत लिहून देणारे एआयचे मदतनीस तर या वर्षी टाकूच नकोस. पुढे हवे तेवढे वापर.

आणि विम. मावसभावाची चेष्टा केली, पण त्याचं अर्ध म्हणणं खरं आहे. उद्या तू सर्व्हरवर काम करशील, तिथे खिडक्या नसतात, माऊस नसतो. सेटिंगच्या फाईलमधली एक ओळ बदलायची असते आणि हाताशी असतं व्हीआय किंवा विम. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नुसता कमिट (बदलाची नोंद) केलास तरी बऱ्याच ठिकाणी विम उघडून समोर उभं राहतं. तेवढ्यापुरतं यायला हवं. लिहायला आय. थांबायला एस्केप. साठवून बाहेर पडायला कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. घोळ झाला, काही न साठवता पळायचं असेल तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. विमसोबत विमट्यूटर नावाचा धडा येतो, अर्ध्या तासाचा आहे, त्यातला पहिला अर्धा कर. विम उघडलं की पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ बऱ्याचदा दिसेल, ती वाचून दचकू नकोस. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम फुकट दिलं आणि पुढे बदल्यात एवढंच मागितलं. २०२३ मध्ये ते गेले, ओळ अजून तिथे आहे.

रोज विममध्येच काम करणारे उत्तम लोक मी पाहिलेत. त्यांनी त्याला दहा वर्षं दिलेली असतात आणि हल्ली त्यांच्या निओविम या विमच्या नव्या अवतारातही २०२१ पासून तोच लँग्वेज सर्व्हर जोडायची सोय आहे. म्हणजे कुबड्या त्यांच्याकडेही आल्या, फक्त काळ्या रंगाच्या. तुझ्याकडे सबमिशनला किती दिवस आहेत?

आज संध्याकाळी थॉनी टाक, बाकीचे एडिटर आणि आयडीई काढून टाक, नोटपॅड प्लस प्लस टाकून ठेव आणि साध्या नोटपॅडमध्ये ते बिल लिही. अडलीस तर जी ओळ आली ती जशीच्या तशी कॉपी करून मला पाठव, ‘एरर येतोय’ एवढंच लिहू नकोस. आणि मावसभाऊ दिवाळीला आला की चिवडा पुढे करून हळूच विचार, ऑफिसातला जावाचा प्रोजेक्ट तो कशात उघडतो.

– ताई